कुस्तीतून आलेला पोरगा, पहिली हौशी एमएमए (ठोसे, लाथा आणि कुस्ती एकत्र) लढत, हातात नऊ आठवडे

कळवा_कॉर्नर

मंडळी, मोघम विचारलं की मोघम उत्तरं मिळतात, म्हणून सगळी माहिती आधीच देतो.

पोरगा 21 वर्षांचा, उंची 5 फूट 7 इंच, सकाळी उपाशीपोटी वजन 72.4 किलो. अकराव्या वर्षापासून तालमीत, पुढे मॅटवर जिल्हा पातळीपर्यंत. बॉक्सिंग आणि किक 14 महिने, जिऊ-जित्सू जेमतेम चार. महाप्याला एमआयडीसीत पहिली पाळी, सात ते साडेतीन, बहुतेक काम उभ्यानं. सराव कळव्यात, संध्याकाळी साडेसहा ते साडेआठ आणि रविवारी सकाळी. लढतीचा पिंजरा आमच्याकडे नाही. मॅट आहेत, दोन बॅगा आहेत, एक मोकळी भिंत आहे.

लढत ऑक्टोबरच्या मध्यावर. तीन मिनिटांच्या तीन फेऱ्या, मध्ये एक मिनिट, सात औंसांचे ग्लोव्ह्ज, शिनगार्ड. कोपर बंद, डोक्याला गुडघा बंद, हील हुक (टाच पिरगळणारी पकड) बंद. वजन लढतीच्याच दिवशी सकाळी. आयोजक म्हणतात 65.8 किलोच्या गटातही जागा आहे आणि 70.3 च्याही.

अडचणी अशा:
1. खाली पडला की पोटावर वळतो आणि पाठ देतो. दर वेळी. सांगून सांगून थकलो.
2. पहिली फेरी वाघासारखी, दुसऱ्या फेरीत हात खाली.
3. वजन: त्याच्या घरचे आणि तालमीतले सगळे म्हणतात 65.8 ला उतरव, तिथे तो 'मोठा' पडेल.
4. कॉर्नरला (पिंजऱ्याबाहेरून सूचना द्यायला) आम्ही तिघं असणार. मागच्या आंतर-जिम लढतीत तिघंही एकदम ओरडत होतो, पोराला काही कळलं नाही.

कुठून सुरुवात करू?

---

पट_काढ

क्रमांक एकपासून, कारण पोरगा हरला तर यातच हरेल.

तो चुकत नाहीये, हे आधी लक्षात घ्या. दहा वर्षं त्याच्या अंगात एकच गोष्ट मुरवली आहे: दोन्ही खांदे टेकले की कुस्ती गेली. चीत व्हायचं नाही म्हणून तो पोटावर वळतो. मॅटवर तसं वळून आवळून बसलं की पंच थोड्या वेळानं उभं करतो, एखाद-दुसरा गुण जातो, बस. एमएमएत तेच वळणं म्हणजे समोरच्याला पाठ देणं. दोन पाय कमरेत अडकले, एक हात हनुवटीखाली गेला, की सहा-सात सेकंदांत रिअर नेकेड चोक (मागून हातानं गळा आवळणं). म्हणजे तुम्हाला डाव शिकवायचा नाहीये, उताणं पडायची भीती काढायची आहे. 'वळू नको' असं शंभर वेळा सांगून ती जात नाही. वळण्याऐवजी काय करायचं ते हाताला द्यावं लागतं.

पहिले तीन आठवडे आठवड्यातून चार दिवस, सरावाच्या सुरुवातीला, तो ताजा असताना: उताणा झोपवा, जोडीदार बाजूनं छातीवर दाब देऊन. दोन मिनिटांची फेरी, अशा पाच. पोटावर वळला की शिक्षा नको, ओरडणं नको, घड्याळ थांबवून पुन्हा त्याच जागी. तो सुटला किंवा उठला तर ती फेरी त्याची. पहिले चार दिवस हाताच्या दाबानं, मग जोडीदारानं हलके ठोसे सुरू करायचे. ठोसे नसताना शिकलेली सुटका ठोसे आल्यावर मोडते, म्हणून हे लांबवू नका.

वाटा दोनच द्या, तिसरी नको. एक: खालचा हात त्याच्या बगलेत घालून कुशीवर यायचं, गुडघा मध्ये सरकवायचा आणि त्याच्या पायाशी एकेरी पट (एका पायाची पकड) धरून वर. हे कुस्तीगीराला लगेच पटतं, कारण शेवटी हातात पट येतो. मूळ चूक अशी होते की तो कुशीवर येतो आणि तिथून पुढे तसाच पोटावर जातो. कुशीवर थांबून कपाळ समोरच्याच्या छातीत रुतवायचं, कपाळ सुटलं की पाठ गेली. दोन: भिंत. ढुंगण घसटत भिंतीपर्यंत, पाठ भिंतीला, एक हात मागे जमिनीला, दुसरा त्याच्या मानेशी किंवा दंडाशी, मग एकेक पाय खाली घेत उभं राहायचं.

तुमच्याकडे मोकळी भिंत आहे ना, तिच्यावर सहा फुटांपर्यंत मॅट ठोका. पिंजरा थोडा मागे जातो आणि पुन्हा ढकलतो, भिंत ढकलत नाही, एवढाच फरक. आठवड्यातून दोनदा तरी 'पाठ भिंतीला' अशी सुरुवात करून दीड-दीड मिनिटाच्या फेऱ्या खेळवा, दोन्ही बाजूंनी.

आता वरची बाजू. तालमीतून आलेल्याचा पट चांगला असतो, पण अंतर चुकतं. खडाखडीत (कुस्तीतल्या सुरुवातीच्या हातांच्या झटापटीत) हात हाताला लागलेला असतो, तिथून पट दोन वितींवर. इथे समोरचा लाथेच्या अंतरावर उभा. तिथून झेप घेतली की समोरच्याला दिसते, तो पाय मागे टाकून वर पडतो. पट नेहमी ठोशाच्या मागून गेला पाहिजे: जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) डोळ्यांसमोर, क्रॉस (मागच्या हाताचा) छातीवर, आणि क्रॉसचा हात परत येण्याऐवजी तसाच खाली जाऊन गुडघ्यामागे. किंवा समोरच्याच्या क्रॉसखालून. त्याचा मागचा हात सुटला की तो क्षणभर एका पायावर असतो. या दोन वेळांशिवाय पट काढायचा नाही, असं नऊ आठवडे पाळा.

डोकं कुठे? एकेरी पटात कान त्याच्या बरगडीला चिकटलेला, हनुवटी छातीशी, नजर पुढे. डोकं बाहेर राहिलं आणि मान लांब झाली की गिलोटिन (समोरून मान बगलेत आवळणारा फास). अडकलाच, तर ज्या बगलेत डोकं आहे त्याच्या उलट्या बाजूला पाय टाकून उतरायचं आणि खांद्यानं त्याच्या गळ्यावर भार द्यायचा. कुस्तीवाला घाबरून डोकं उपसायला जातो, त्यानं फास आवळतो.

ढाक (कमरेवरून फेकायचा डाव) ठेवा, भिंतीपाशी समोरच्यानं बगलेत हात घातला की ती सोन्यासारखी बसते. मात्र पडताना छाती छातीवर यायला हवी, कूस दिली तर तोच पाठीवर चढतो. भारंदाज (खाली पडलेल्याला कमरेत धरून उलथवणं) विसरा. तिथे उलथवल्याचे गुण होते, इथे तो आधीच उताणा आहे.

एक प्रश्न: कुस्तीत त्याचा पुढचा पाय कोणता आणि बॉक्सिंगमध्ये तुम्ही कोणता ठेवलाय?

---

ऐरोली_लोखंड

वजनावर माझं मत, आणि इथे मी तडजोड करणार नाही: 70.3.

हिशोब बघा. 72.4 वरून 70.3 म्हणजे 2.1 किलो, अंगाच्या तीन टक्क्यांहून कमी. नऊ आठवड्यांत हे नुसत्या चरबीतून जातं, पाणी काढायची वेळच येत नाही. 65.8 म्हणजे 6.6 किलो, नऊ टक्के. त्यातलं शेवटचं तीन-चार किलो पाणीच असणार, आणि वजन लढतीच्याच सकाळी आहे. सकाळी आटवलेलं अंग दुपारपर्यंत भरत नाही. पोटात पाणी गेलं म्हणजे रक्तात गेलं असं नसतं, आणि अंगाच्या वजनाच्या दोन टक्के पाणी कमी असलं तरी दम लागायला सुरुवात होते. तुमच्या पोराचा दम आधीच दुसऱ्या फेरीत जातोय. शिवाय सुकलेल्या माणसानं डोक्यावर मार खाणं हा वेगळाच धोका. घरच्यांना सांगा, त्याला 'मोठा' करण्याच्या नादात तो रिकामा होईल.

यातून माणसं मेली आहेत. 1997 च्या अखेरीस अमेरिकेत महिनाभरात कॉलेजचे तीन कुस्तीगीर वजन आटवताना गेले, त्यानंतर तिथे रबरी सूट आणि सॉना बंद झाले आणि वजन लढतीच्या जवळ आणलं. 2015 च्या डिसेंबरमध्ये वन चॅम्पियनशिप या एमएमए संस्थेचा यांग जियान बिंग मनिलात वजन उतरवताना गेला, मग त्यांनी लघवीची चाचणी आणली: विशिष्ट घनता 1.025 च्या वर गेली (म्हणजे अंग सुकलेलं) की वजन बरोबर असूनही नापास. मेडिकलमधून लघवीची गोळी आणून देणारा कोणी 'अनुभवी' भेटेलच, त्याला दारातूनच परत पाठवा. त्यातलं फ्युरोसेमाइड वाडाच्या (जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या) बंदी यादीत आहे आणि पोटॅशियम पाडून हृदयाचा ठेका बिघडवतं. वजनानंतर सलाइन लावायचीही टूम आहे. रुग्णालयातल्या उपचाराखेरीज 12 तासांत 100 मिलीपेक्षा जास्त शिरेतून घेणं हेही बंदीतच येतं.

2.1 किलो कसं काढायचं: दिवसाला साधारण 300 ते 330 कॅलरी कमी, म्हणजे आठवड्याला 300 ग्रॅम. सात आठवड्यांत काम फत्ते, शेवटचे दोन आठवडे नुसतं टिकवायचं. कापायचं कुठून? तालमीचा खुराक बघा आधी. दोन मोठे चमचे तूप म्हणजेच 250 च्या आसपास कॅलरी, वर बदामाची थंडाई. खुराक हजार बैठका मारणाऱ्यासाठी होता. तो बंद केला की निम्मं काम झालं. भात-भाकरी कापू नका, सरावाचं इंधन तेच आहे.

प्रथिनं दिवसाला 130 ग्रॅमच्या आसपास. चार अंडी, पाव किलो चिकन, दोन पेले दूध, वाटीभर मटकीची उसळ, वाटीभर दही, मूठभर सोयाबीन, बाकीचं भाकरीतून येतं. पाळीवरून सुटल्यावर घणसोलीहून ठाण्याच्या गाडीत बसेल तेव्हा दोन केळी आणि मूठभर चणे-फुटाणे, म्हणजे साडेसहाला पोट हलकं पण टाकी भरलेली. बरेच जण दुपारी डबा खातात आणि थेट साडेआठनंतर जेवतात, मग सरावात हात-पाय थरथरतात आणि आपण 'स्टॅमिना नाही' म्हणतो.

शेवटचे दोन दिवस उसळ, भाकरी, कोशिंबीर बंद, त्याऐवजी भात, दही, अंडी, पांढरा ब्रेड. चोथा कमी गेला की आतडं रिकामं राहतं, अर्धा किलो सहज उतरतं. मिठाशी खेळू नका. वजन झाल्यावर ओआरएसचं एक पाकीट एक लिटर पाण्यात (अर्ध्या लिटरात नव्हे), तासाभरात घोट घोट. मग दहीभात, केळी, जॅम-ब्रेड. शेवटचं भरपेट खाणं लढतीच्या तीन तास आधी. मामलेदारची मिसळ संध्याकाळी, निकाल काहीही लागो.

आता दुसरी फेरी. हात खाली येतात त्याचं कारण नेहमी फुप्फुस नसतं. कुस्तीवाला पकड सोडत नाही: पहिल्या मिनिटाला भिंतीवर मुठी आवळून झुंजतो, बाहू भरून येतात, मग हात वर राहणार कसे? पकड आवळायची ती फक्त खेचायच्या क्षणी, बाकी वेळ डोकं आणि खांद्याचा भार. हे 'पट_काढ'च्या भिंतीच्या फेऱ्यांतच शिकवा.

दम मात्र लढतीच्या मापातच तयार करा. तीन मिनिटं काम, एक मिनिट विश्रांती. त्या तीन मिनिटांत 20 सेकंद जिवाच्या आकांतानं, 40 सेकंद मध्यम, असं तीनदा. दुसऱ्या आठवड्यात तीन फेऱ्या, चौथ्यात चार, सहाव्यात पाच. नाडी मोजा: फेरी संपताना आणि मिनिटानंतर. मिनिटभरात 30 ठोक्यांनी उतरत नसेल तर त्या दिवशी तिथेच थांबा. रविवारी येऊरच्या चढावर आठ वेळा 30 सेकंद वर, चालत खाली, पुरे. दहा किलोमीटर धावण्यानं त्याचे आठ तास उभे राहिलेले पाय फक्त अजून थकतील.

आठवड्याचा भार लिहून ठेवा: सरावाची मिनिटं गुणिले दहापैकी त्याला वाटलेला त्रास. 90 मिनिटं आणि 7 म्हणजे 630. सगळ्या सत्रांची बेरीज. सुरुवात 2500 च्या आसपास झाली तर एका आठवड्यात थेट 3500 वर नेऊ नका. गुरुवारी सुट्टी. वजनं आठवड्यात दोनदा, 40 मिनिटं: डेडलिफ्ट तिनाचे तीन सेट, पुलअप, डंबेल प्रेस, मान. पाचशे बैठका बंद, निदान लढतीपर्यंत. शेवटचे दहा दिवस वेळ निम्मा करा, वेग मात्र तोच ठेवा. वेगही कमी केला की पोरगा लढतीत झोपेतून उठल्यासारखा वाटतो.

आणि गाळ्याचा पंखा बंद ठेवून 'घाम काढणं' बंद. सरावाआधी आणि नंतर वजन घ्या, एक किलो उतरलं म्हणजे एक लिटर गेलं. ठाण्याच्या दमट हवेत दोन तासांत दीड-दोन किलो जातं, आणि ती चरबी नसते.

---

नेरूळ_गार्ड

वरच्या दोन्ही प्रतिसादांना दुजोरा. मी गुणांबद्दल आणि स्पारिंगबद्दल (सरावातल्या लढतीबद्दल) लिहितो.

परीक्षक दहा-नऊ पद्धतीनं (फेरी जिंकणाऱ्याला दहा, दुसऱ्याला नऊ) गुण देतात आणि आधी बघतात परिणामकारक मार आणि परिणामकारक ग्रॅपलिंग (पाडणं आणि पकडी). त्यात दोघं अगदी सारखे असले तरच आक्रमकता, तीही सारखी असली तर मैदानावरचा ताबा. म्हणजे पट काढून वर पडून राहिलेला पोरगा हरू शकतो. कुस्तीवाल्या घरच्यांना हे कधीच पटत नाही, 'पाडला की हो आमच्या पोरानं चारदा!' म्हणतात. पाडणं हे दार उघडणं आहे. पाडल्यावर दहा सेकंदांत काहीतरी घडलं पाहिजे: ताठ बसून दोन ठोसे, किंवा पाय ओलांडणं. सरावात घड्याळ लावा. दहा सेकंद नुसती पकड दिसली की 'उठा' म्हणून दोघांना उभं करा. दोन आठवड्यांत सवय बदलते.

नियमपुस्तक पोरालाही वाचायला लावा. डोक्याला गुडघा बंद आहे, पण पोटाला नाही. भिंतीवर दाबून धरल्यावर पोटात गुडघे, मांडीवर गुडघे, मोकळ्या हातानं ठोसे, हे या नियमांत कुस्तीगीराचं सगळ्यात मोठं हत्यार आहे. हील हुक बंद असताना लेग-लॉकच्या (पायावरच्या पकडींच्या) रील बघण्यात जाणारा वेळ वाचवा.

स्पारिंग: जोराचं आठवड्यातून एकदाच, तिसऱ्या ते सातव्या आठवड्यात. म्हणजे एकूण पाच वेळा, प्रत्येकी तीन-तीन मिनिटांच्या तीन फेऱ्या. उभ्यानं खेळताना 16 औंसांचे ग्लोव्ह्ज, जोडीदार पाच किलोहून जास्त जड नको. बाकीचे दिवस तीस-चाळीस टक्के जोरानं, तेव्हा सात औंस चालतील. हेडगियरनं भुवई फुटायची वाचते, मेंदूचं हलणं वाचत नाही. उलट हेडगियर घातलं की दोघंही मोकळेपणानं मारतात. शेवटचे बारा दिवस डोक्यावर एकही जोराचा ठोसा नको.

त्यातून लागलाच, तर: डोकं जड, मळमळ, उजेड सहन होत नाही, उत्तर उशिरा येतं, 'काल काय झालं ते धूसर आहे' यातलं एकही दिसलं की त्या दिवसाचा सराव संपला. त्याला बाइकवर एकटं घरी पाठवायचं नाही. पहिले एक-दोन दिवस शांत, मग हलकं चालणं-सायकल, मग ठोसे न खाता सराव, प्रत्येक पायरीला किमान एक दिवस, त्रास परतला की एक पायरी खाली. डोक्याला स्पर्श होणारं स्पारिंग डॉक्टरनं सांगितल्यावरच. वारंवार उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, बाहुल्या लहान-मोठ्या, गुंगी किंवा झटका आला तर वाट न बघता सरळ रुग्णालय. आणि हे शेवटच्या तीन आठवड्यांत झालं तर लढत रद्द. आयोजक नाराज होईल, होऊ दे.

कुस्तीची उभी राहायची पद्धत वाकलेली, भार पुढच्या पायावर. त्या पोटरीवर लाथा बसणार, शिनगार्ड असलं तरी. चार लाथांनंतर तो पाय पटासाठी उसळी देत नाही. पुढच्या पायाचा अंगठा बाहेर वळवून गुडघा चार बोटं उचलायचा, एवढंच. रोज पन्नास वेळा.

---

वाशी_गाळा

कोणी बोललं नाही म्हणून: त्वचा. सप्टेंबरच्या दमट हवेत नायटा झाला तर सगळी तयारी वाया, कारण वजनाच्या वेळी डॉक्टर अंग बघतात आणि चालू चट्टा दिसला तर बाहेर काढू शकतात.

पाचव्या आठवड्यात पूर्ण अंग तपासा: जांघ, काख, मानेमागे, कानामागे. गोल, कडा लाल, मध्ये फिकट, खाज. दिसला तर त्वचारोगतज्ज्ञ. मेडिकलवाला 'थ्री-इन-वन' ट्यूब देईल, त्यात स्टेरॉइड असतं. दोन दिवस खाज थांबते आणि खाली बुरशी पसरते, वर चट्ट्याची ओळखही पुसली जाते. उपचाराला आठवडे लागतात, म्हणून पाचवा आठवडा म्हटलं, आठवा नाही. पुंजक्यानं आलेले पाण्याचे बारीक फोड दिसले तर ते वेगळं, तो विषाणू, त्या दिवसापासून कोणाशीच सराव नाही.

मॅट आधी साबणाच्या पाण्यानं पुसा, कारण घामाच्या थरावर ब्लीच वाया जातं. मग पाच टक्के हायपोक्लोराइट एका लिटर पाण्याला 20 मिली, दहा मिनिटं ओलं राहू द्या, मग साध्या पाण्यानं. त्यात ॲसिड किंवा संडास साफ करायचं द्रावण कधीही मिसळू नका, क्लोरीन वायू सुटतो आणि बंद गाळ्यात तो जीव घेईल. रॅशगार्ड (अंगाला घट्ट बसणारा सरावाचा टी-शर्ट) रोज धुतलेला. लंगोटही. 'वस्तादांच्या वेळी कोण धूत होतं' हे उत्तर ऐकून घ्यायचं नाही.

---

घोडबंदर_रिंगसाइड

कॉर्नर माझ्याकडे घेतो.

तिघांपैकी बोलणारा एक. दुसरा पाणी, बर्फ, टॉवेल. तिसरा घड्याळ आणि समोरच्याकडे नजर, त्याला काही दिसलं तर तो बोलणाऱ्याच्या कानात सांगेल, पोराला नाही. हे आठवडाभर आधी ठरवून चालत नाही. तिसऱ्या आठवड्यापासून दर जोराच्या स्पारिंगला हाच एक आवाज असला पाहिजे, म्हणजे गोंगाटात कान तोच शोधतो.

मधलं मिनिट साठ सेकंदांचं नसतं. यायला आणि बसायला दहा जातात, उठायला आणि माउथगार्ड घालायला दहा. राहिले चाळीस. पहिले पंधरा काहीच बोलू नका: नाकानं आत, तोंडानं लांब बाहेर, तीन श्वास, मानेवर बर्फाची पिशवी. मग दोन सूचना, दोनच, 'काय कर' या रूपात. 'हात खाली सोडू नको' म्हटलं की थकलेल्या डोक्यात 'हात खाली' एवढंच शिरतं. 'मुठी कानाला' म्हणा. मग एक घोट पाणी, आणि त्याच्याकडून सूचना परत म्हणवून घ्या. म्हणता आली नाही तर ती त्याच्यापर्यंत पोचलेली नाही, किंवा त्याला जोराचा लागलाय. दोन्हीही कळणं गरजेचं.

लढत चालू असताना शब्द दोन-तीन अक्षरांचे: 'भिंत', 'कपाळ', 'ऊठ', 'तीस' म्हणजे तीस सेकंद राहिले. समोरचा कल्याणचा किंवा पुण्याचा असला तर त्यालाही मराठी कळतं हे विसरू नका! 'पट काढ' असं ओरडलात की तो आधीच पाय मागे घेईल. पटाला दुसरं नाव द्या, 'चहा' म्हणा, काहीही, पण सरावात सहा आठवडे तेच वापरलेलं हवं.

लढत थांबवायला टॉवेल कधी टाकायचा, हे पोरासमोर आधी ठरवा. एकाच हाताचा तोच ठोसा तीन वेळा उत्तर न देता बसला, किंवा पडल्यावर नजर लागत नाही, किंवा खाली असताना नुसता डोकं झाकून आहे आणि तुमच्या आवाजावर हलत नाही. नियम आधी ठरला नसेल तर ऐन वेळी हात उचलत नाही, आशा आड येते.

गरम होणं: लढतीच्या 35 मिनिटं आधी पट्ट्या बांधून तयार, मग दोरीउडी, खडाखडी, दोन मिनिटांची एक जोराची पॅड फेरी, अंगाला घाम फुटला की जॅकेट. कार्यक्रम उशिरा चालणारच, तेव्हा दर वीस मिनिटांनी पाच मिनिटं पुन्हा. थंड अंगानं आत गेलेला कुस्तीवाला पहिल्याच मिनिटात ठोसा खातो.

रक्त तपासण्या (एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी) किती दिवसांच्या आतल्या हव्यात ते आयोजकाकडून लेखी घ्या. माउथगार्ड गरम पाण्यात मऊ करून दातांवर बसवायचा असतो, तो लढतीच्या दिवशी नवा उघडायचा नाही. नखं कापा, हातापायांची दोन्ही.

---

कळवा_कॉर्नर

सगळ्यांचे मनापासून आभार. 70.3 कळवून टाकलं, घरी आज बोलणार, तूप बंद हा खरा कठीण भाग आहे.

'पट_काढ' दादा, तुमचा प्रश्न: कुस्तीत उजवा पाय पुढे. बॉक्सिंगमध्ये मी त्याला डावा पुढे ठेवलाय, कारण तो उजव्या हाताचा आहे. म्हणूनच की काय, पट काढायच्या आधी पाय बदलतो आणि समोरच्याला कळतं.

---

पट_काढ

तेच वाटलं होतं. तो पाय बदलतो तेव्हा समोरच्याला अर्धा सेकंद फुकट मिळतो. उजवा पाय पुढे ठेवा, साउथपॉ. उजवा हात जॅबला गेला म्हणून बिघडत नाही, तोच हात समोरच्याच्या हाताशी खेळेल आणि तोच पटाला खाली जाईल. डावा क्रॉस कच्चा असेल, तर नऊ आठवड्यांत तो एकच ठोसा पक्का करा: बॅगवर रोज तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या, फक्त डावा सरळ, आणि प्रत्येक चौथ्या ठोशानंतर पट.

साउथपॉ झाल्यावर (समोरचा डावा पाय पुढे ठेवणारा असला तर) दोघांचे पुढचे पाय समोरासमोर येतात. त्याचं पाऊल समोरच्याच्या पावलाच्या बाहेर पडलं पाहिजे. आत पडलं की समोरच्याचा उजवा सरळ हनुवटीवर येतो. जमिनीवर खडूनं रेघ मारा आणि पहिला आठवडा नुसती पावलं खेळवा, हात पाठीमागे बांधून. अजून एक, पोटरीवरच्या लाथेसाठी 'नेरूळ_गार्ड'नं सांगितलेला गुडघा आता उजवा उचलायचा आहे, डावा नाही. सवय बदलायला वेळ लागेल, म्हणून ते उद्याच सुरू करा.

---

कळवा_कॉर्नर

खडू आणलाय. एक शंका: भिंतीला मॅट ठोकायला प्लायवूड मागे लागेल का, की सरळ भिंतीवर?

---

वाशी_गाळा

प्लाय लागेल, 12 मिमी, मागे लाकडी पट्ट्या. सरळ भिंतीवर ठोकलं तर पावसाळ्यात ओल धरते आणि मागून काळी बुरशी येते. पट्ट्यांमुळे मागे हवा खेळते आणि प्लाय किंचित लवतोही, त्यामुळे थोडासा पिंजऱ्यासारखा वाटतो. स्क्रूची डोकी प्लायमध्ये बुडवून वर टेप लावा, नाहीतर पहिल्याच दिवशी कोणाचा तरी खांदा फाटेल. आणि खालची कड जमिनीच्या मॅटला भिडवा, मध्ये फट राहिली तर पायाची बोटं अडकतात.